सिल्हूटला छापील चित्राचा पोत कसा आणायचा?

पायवाट

नमस्कार मंडळी,

चढावर सायकल चालवणाऱ्या एका व्यक्तीचा फोटो आहे. बाजूने घेतलेला, मागे मावळतीचं आकाश. एक्स्पोजर आकाशाचं धरल्यामुळे माणूस आणि सायकल फोटोतच जवळजवळ काळे आलेत. ती आकृती कापून वेगळी केली, सपाट काळ्याने भरून सिल्हूट (नुसती काळी बाह्याकृती) केली आणि मागे दोन फिक्या रंगांचा ग्रेडियंट ठेवला. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते पुढे. लाकडी ठशावरून छापलेलं चित्र असतं ना, शाई कुठे गच्च बसलेली, कुठे कागदाने धरलेलीच नाही, कडा किंचित कुरतडलेल्या, तसं हे सिल्हूट दिसायला हवं आहे. म्हणून खरखरीत कागदाचा स्कॅन आकृतीच्या वर टाकला आणि ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा तो पर्याय) ओव्हरले केला. काहीच दिसलं नाही. मल्टिप्लाय केला, तरी काळं ते काळंच. सॉफ्ट लाइटचंही तेच. शेवटी मोड नॉर्मल ठेवून ओपॅसिटी बरीच खाली आणली तेव्हा पोत दिसला, पण सगळी आकृती धुरकट करडी झाली. काळ्याचं वजनच गेलं.

चित्रसंपादनासाठी घरी गिंप आहे, कामाच्या ठिकाणी फोटोशॉप. कशातलंही सांगा, चालेल. पोत आत कसा आणता आणि कडांचं काय करता?

अंधारखोली

स्कॅन चांगलाच असणार, इथे गणित आडवं येतंय.

पिक्सेलची किंमत शून्य (काळा) ते २५५ (पांढरा) असते. मल्टिप्लाय म्हणजे खालच्या पिक्सेलची किंमत गुणिले वरच्याची, भागिले २५५. तुमच्या आकृतीत खाली शुद्ध काळा, म्हणजे शून्य. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. ओव्हरले खालचा पिक्सेल बघून वागतो. तो मध्यम करड्यापेक्षा गडद असेल तर दुप्पट मल्टिप्लाय, फिका असेल तर उजळ करणाऱ्या स्क्रीन मोडसारखा. तुमच्याकडे सगळंच शून्य, म्हणून तिथेही उत्तर शून्य. सॉफ्ट लाइटही शुद्ध काळ्याला हलवू शकत नाही.

आता आकृतीचा रंग शून्याऐवजी ३५ करून बघा. डोळ्याला तो काळाच वाटतो. ओव्हरलेमध्ये पोताचा २०० चा फिका ठिपका त्यावर पडला की दोन गुणिले ३५ गुणिले २०० भागिले २५५, म्हणजे साधारण ५५ येतात. ६० चा गडद ठिपका पडला की १६. म्हणजे १६ ते ५५ एवढ्या पट्ट्यात पोत खेळतो. काळ्याचं वजन राहतं आणि जवळून बघणाऱ्याला आत काहीतरी आहे हे कळतं. कातळ, कापड, गंज असल्या पोतांसाठी मला हीच पद्धत आवडते.

दुसरा उपाय स्क्रीनचा. स्क्रीन शुद्ध काळ्यावर वरचा लेयर जसाच्या तसा दाखवतो. म्हणजे कागदाचा करडा स्कॅन तसाच टाकलात तर सगळी आकृती करडी होईल, ओपॅसिटी कमी केल्यावर झाली तशीच. म्हणून आधी पोताच्या लेयरवर लेव्हल्स (कुठल्या छटेपासून पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं हे ठरवणारं साधन) लावून त्याचा बहुतेक भाग काळा करा, फक्त उंचवट्यांचे फिके कण शिल्लक ठेवा. मग स्क्रीन करा. आकृती काळी राहते, त्यावर कण चमकतात.

पोत आकृतीबाहेर सांडू नये म्हणून फोटोशॉपमध्ये दोन लेयरच्या मधल्या रेषेवर ऑल्ट दाबून क्लिक करा, क्लिपिंग मास्क तयार होतो.

झरोका

अंधारखोलींनी सांगितलेलं गणित बरोबर आहे, पण पायवाट यांना जे हवं आहे त्याला माझ्या मते दोन्ही उपाय लागू पडत नाहीत. ठशाच्या चित्रात शाईवर पांढरे कण पडलेले नसतात. तिथे शाईच नसते आणि खालचा कागद दिसत असतो. हा फरक डोळ्याला लगेच जाणवतो, कारण स्क्रीनने आलेले कण पोताच्या स्वतःच्या रंगाचे असतात, मागच्या ग्रेडियंटचे नसतात. आकाश नारिंगी आणि कण पांढरे, असं झालं की तो वरून चिकटवलेला थर वाटतो.

म्हणून पोत मास्कमध्ये घाला, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसायचा हे ठरवणाऱ्या काळ्यापांढऱ्या चित्रात. आकृतीचा काळा लेयर, त्याला आकृतीचा मास्क. हा लेयर एका ग्रुपमध्ये टाका आणि त्या ग्रुपला दुसरा मास्क द्या. दुसऱ्या मास्कमध्ये पोताचा स्कॅन पेस्ट करायचा, लेव्हल्सने चांगला ताणून, म्हणजे बहुतेक भाग पांढरा आणि जिथे शाई उडायला हवी तिथे काळे ठिपके, ओरखडे. मास्कमध्ये काळं म्हणजे लपलेलं, त्यामुळे तिथून थेट आकाश दिसतं. नंतर आकाशाचा रंग बदला, कणही आपोआप बदलतील.

फोटोशॉपमध्ये मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट दाबून क्लिक केलं की मास्क पूर्ण पडद्यावर उघडतो, तिथे पेस्ट करा. गिंपमध्ये ग्रुपला मास्क देण्याची सोय २.१० पासून आहे. मास्क दाखवा आणि संपादित करा हे दोन्ही पर्याय चालू करून पेस्ट करा आणि तरंगता भाग अँकर करा. क्रिटा आणि अफिनिटी या सॉफ्टवेअरमध्येही ग्रुपला मास्क लावता येतो.

आकार एका मास्कमध्ये, पोत दुसऱ्यात. पोत आवडला नाही तर तेवढाच बदलायचा, आकृतीला हात लावायला नको.

शाईदौत

मला थोडं मागे जाऊन बोलायचं आहे. पोताची इतकी चर्चा चालू आहे, पण आकृती वाचता येते का हे कुणीच विचारलेलं नाही.

सिल्हूटमध्ये डोळे नाहीत, कपड्यांच्या चुण्या नाहीत, सावल्या नाहीत. बाह्यरेषा आणि मधल्या मोकळ्या जागा, एवढंच भांडवल. १९१५ साली मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी मांडलेली ती फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांची आकृती आठवा. तिथे मधली मोकळी जागा आकृतीइतकीच बोलते. सायकलवाल्याच्या चित्रात हँडलला धरलेला हात आणि छाती यांच्यामधला त्रिकोण, गुडघा आणि सायकलच्या दांड्यामधली फट, चाकांच्या आतलं आकाश, या जागा चित्र चालवतात. त्या बुजलेल्या असतील तर कुठलाही पोत उपयोगाचा नाही.

तपासायचं असेल तर चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. सायकल चालवणारा माणूस दिसला तर पुढे जा. नुसता काळा ढिगारा दिसला तर आधी आकृती दुरुस्त करा. हात छातीवर आलेला असेल तर मधे प्रकाशाची एक बारीक चीर कापा. फोटोत ती नव्हती म्हणून संकोच करू नका. सपाट काळा भरला त्या क्षणी ते चित्र फोटो राहिलेलं नाही, रेखाटन झालं आहे, आणि रेखाटनात निवड करावीच लागते.

आणि पोत हवाच का, हा प्रश्नही मनापासून विचारावा असं मला वाटतं. ऑगस्त एदुआर (१७८९ ते १८६१) हे कात्रीने काळा कागद कापून पूर्णाकृती छायाकृती करत. त्या काळी अशा आकृत्यांवर सोनेरी रेघांनी केस आणि कपडे रंगवायची पद्धत होती. एदुआर यांना ती अजिबात मान्य नव्हती. सावली म्हणजे सावली, तिच्यावर दागिने नकोत, अशी त्यांची भूमिका. आज त्यांची कामं पाहिली की नुसत्या बाह्यरेषेतून माणसाची उभं राहण्याची ढब कळते. माझा कल त्यांच्याकडे आहे.

झरोका

शाईदौत, आकृतीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. मोकळ्या जागांचा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

पण पोताच्या बाजूनेही जुनी साक्ष आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन मायर्स हे प्लास्टरच्या छोट्या तबकड्यांवर छायाकृती रंगवत. चेहरा गच्च काळा, पण केस आणि झालरीच्या कडांकडे रंग पातळ करत नेत, इतका की तो जवळजवळ पारदर्शक व्हावा. चेहऱ्याची रेषा धारदारच राहते आणि केस हलके वाटतात. त्यांनी पोत सगळीकडे सारखा पसरला नाही, जिथे वस्तूच हलकी होती तिथेच ठेवला. पायवाट यांनी हेच करावं असं मला वाटतं. नाक, हनुवटी, हाताची बोटं इथे कडा स्वच्छ. पाठ, मांडी, चाकाचा खालचा भाग इथे शाई उडू द्या.

मास्कमध्ये पोत घालण्याचा हाही एक फायदा. जिथे नको तिथे त्या मास्कवर पांढऱ्या ब्रशने हात फिरवायचा, काम झालं.

कवडसा

वाचनखूण साठवली. मोबाइलवर यातलं काही होतं का? माझ्याकडे संगणक नाही.

अंधारखोली

कवडसा, फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, फोटोशॉपच्या फाइल उघडतं आणि त्यात लेयर, मास्क, क्लिपिंग सगळं आहे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर जरा चिमटीत काम करावं लागतं, पण होतं. स्नॅपसीड ॲपमध्ये डबल एक्स्पोजर (एका फोटोवर दुसरा मिसळणं) आहे, त्यात लाइटन मोड घेऊन काळ्या आकृतीत पोत भरता येतो. मात्र तिथे लेयर नाहीत, त्यामुळे झरोका म्हणतात ती दोन मास्कची पद्धत जमणार नाही.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार.

शाईदौत यांची नखाएवढ्या चित्राची कसोटी आधी लावली. पुढचा हात आणि गुडघा एकमेकांत मिसळले होते, तिथे चीर कापली. आता लगेच वाचता येतं. मग झरोकांची ग्रुप मास्कची पद्धत वापरली. आतला पोत अगदी हवा तसा आला, शाई उडाल्यासारखा, मागचा नारिंगी रंग मधून मधून दिसतो.

आता प्रश्न उरला कडांचा. पोत आत आहे, पण बाह्यरेषा कात्रीने कापल्यासारखी गुळगुळीत. आत खरखर आणि कडेला एकदम साफ, हे विसंगत दिसतं. ब्रशने कडा कुरतडायला घेतल्या, पण हाताने केलेलं लगेच ओळखू येतं, सगळे दाते सारखेच पडतात.

अंधारखोली

याच क्षणासाठी ओव्हरले राखून ठेवा. वर तुमची अडचण झालेला त्याचा स्वभाव इथे कामाला येतो.

आकृती पांढरी आणि बाहेरचं सगळं काळं असा लेयर वेगळ्या फाइलमध्ये घ्या. त्याला गॉशियन ब्लर द्या, समजा ६ पिक्सेल. आता आत शुद्ध पांढरं, बाहेर शुद्ध काळं आणि कडेला करड्या छटांचा अरुंद पट्टा तयार झाला. त्यावर पोताचा लेयर ओव्हरलेमध्ये टाका. शुद्ध काळ्याला ओव्हरले हलवू शकत नाही हे आपण पाहिलं, शुद्ध पांढऱ्यालाही तो हलवत नाही. म्हणजे पोताचा परिणाम फक्त त्या करड्या पट्ट्यात होणार. १०० च्या पिक्सेलवर पोताचा २२० चा कण आला की १७२ होतात, ४० चा आला की ३१.

आता सगळ्यांच्या वर लेव्हल्स. काळ्याची खूण ११५ वर, पांढऱ्याची १४० वर. १७२ होता तो पांढरा झाला, ३१ होता तो काळा. कड पोताच्या दाण्यांप्रमाणे आतबाहेर होते. ती हाताने केलेली वाटत नाही, कारण दाते तुमच्या मनगटाने ठरवलेले नाहीत, कागदाने ठरवलेले आहेत.

ब्लर किती, यावर कड किती खोल कुरतडली जाणार ते ठरतं. २ पिक्सेलला नुसती किनार खरखरीत होते, १५ ला आकृती झिजल्यासारखी दिसते. पण हे आकडे चित्राच्या आकाराशी बांधलेले आहेत. ६ पिक्सेल मी ३५०० पिक्सेल रुंदीच्या चित्रासाठी सांगितले. १०८० च्या चित्राला २ पुरेत.

लेव्हल्सऐवजी थ्रेशोल्ड वापरू नका. तो प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा करतो, मधे काही ठेवत नाही, त्यामुळे कडेला पायऱ्या दिसतात. ११५ ते १४० ही छोटी फट ठेवली की कड तीक्ष्ण राहते आणि पायऱ्याही येत नाहीत.

तयार झालेलं काळंपांढरं चित्र एकत्र कॉपी करून आकृतीच्या मास्कमध्ये पेस्ट करा. फोटोशॉपमध्ये आकृतीचा लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घेतलात तर ब्लर नंतरही बदलता येईल. गिंप ३.० मध्येही बरेचसे फिल्टर आता लेयरवर तसेच राहतात, नंतर उघडून आकडे बदलता येतात.

गिंपवाल्यांसाठी आणखी एक. सिलेक्ट मेन्यूत डिस्टॉर्ट म्हणून पर्याय आहे, तो सिलेक्शनची कडच वेडीवाकडी करतो. झटपट काम हवं असेल तर ठीक. पण त्यात तुमच्या कागदाचा पोत येत नाही, संगणकाने केलेला गोंधळ येतो. मी तो दूरच्या झाडांसाठी वापरतो, माणसासाठी नाही.

ठिपका

अंधारखोली, वरच्या प्रतिसादात एक धोका सांगायला हवा. सायकलच्या चाकातल्या तारा!

३ पिक्सेल जाडीच्या रेषेला ६ पिक्सेलचा ब्लर दिला की तिचा उजेड आजूबाजूला पसरतो आणि मधला भाग सुमारे पाचव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे २५५ चे ५० च्या आसपास. लेव्हल्समध्ये ११५ च्या खालचं सगळं काळं. तारा गायब. ब्रेकची वायर, चष्म्याची काडी, उडणारे केस, सगळ्यांचं हेच होणार.

म्हणून बारीक गोष्टी वेगळ्या लेयरवर काढा आणि त्यांना अर्धा किंवा एक पिक्सेलच ब्लर द्या. चाकातल्या तारा तर मी फोटोतल्या ठेवूच नये असं म्हणेन. फोटोत त्या फिरताना पुसट झालेल्या असतात, काही अर्ध्याच येतात. पेन टूलने मोजक्या तारा नव्याने काढा, जाडी थोडी वाढवून. खऱ्या चाकात असतात तेवढ्या सगळ्या काढायची गरज नाही. ठशाचं चित्र कोरणारा माणूसही सगळ्या कोरणार नाही, चाक फिरतंय एवढं कळण्यापुरत्या ठेवेल.

बाकी आकृती कापताना काय वापरलंत? फोटोशॉपच्या सिलेक्ट सब्जेक्टने केली असेल तर एकदा कड मोठी करून बघा. २०१८ मध्ये ते आलं तेव्हापासून बरंच सुधारलंय, पण ते फोटोसाठी बनवलेलं आहे. फोटोत कड जराशी डळमळली तरी आतला तपशील डोळ्याला गुंतवून ठेवतो. सिल्हूटमध्ये कडेशिवाय बघायला काही नाही. टायरचा गोल थोडा जरी चेपला तरी सगळ्यांना दिसतो. चाकं आणि दांडे पेन टूलने, कमीत कमी बिंदूंत. शरीरासाठी आपोआप केलेलं सिलेक्शन घेऊन हाताने दुरुस्त केलं तरी चालतं.

एक बरं आहे, साध्या कटआउटमध्ये कडेला मागच्या आकाशाच्या रंगाची जी किनार राहते ती इथे त्रास देत नाही. आपण फोटोतले पिक्सेल वापरतच नाही, फक्त मास्क वापरतो.

पायवाट

ठिपका, अगदी हेच झालं. मागच्या चाकाच्या निम्म्या तारा गेल्या. आज पुन्हा काढायला घेतो, पेन टूलने.

सोनकिडा

मी क्रिटात काम करते, त्यामुळे थोडं वेगळं सांगते. वरची सगळी तंत्रं पोत एकसारखा पसरवतात. पण लाकडी ठशात कोरण्याच्या रेघांना दिशा असते, आणि ती दिशा आकाराबरोबर वळते. मांडीवर रेघा मांडीच्या लांबीने, पाठीवर पाठीच्या कमानीने, चाकावर गोल. एकच कागदाचा पोत आकृतीभर लावला की सगळं शरीर एकाच सपाट फळीतून कापल्यासारखं वाटतं. हे वाईट नाही, पण जिवंतपणा हवा असेल तर दिशा द्यावी लागते.

मी आकृतीचा लेयर ग्रुपच्या तळाशी ठेवते, वर नवा लेयर घेऊन त्याला इनहेरिट अल्फा चालू करते, म्हणजे रंग आकृतीबाहेर जात नाही. मग कोरड्या ब्रशने मागच्या आकाशाच्याच रंगात फटकारे मारते, सायकल जिकडे चालली आहे त्याच्या उलट दिशेने, पाठीकडून मागे सुटणारे. पुढची कड अख्खी, मागची विरत जाणारी. चढ चढतानाचा जोर त्यात येतो. शाईदौत यांनी एदुआर यांच्या कामातली उभं राहण्याची ढब सांगितली, तसाच हा चालण्याचा वेग असतो. तो दाखवत असेल तर पोताला दागिना म्हणता येणार नाही.

ज्यांना ब्रश चालवायचा नसेल त्यांनी एकाच पोताचे तीनचार तुकडे वेगवेगळ्या कोनांत फिरवून अवयवाप्रमाणे मास्कमध्ये लावावेत. फरक लगेच कळेल.

शाईदौत

सोनकिडा, हे पटलं. आकार सांगणाऱ्या पोताला माझी काहीच हरकत नाही. माझा विरोध सगळीकडे सारख्या भुरभुरलेल्या कणांना आहे, ते चित्र कुठलंही असो, सारखेच दिसतात.

यावरून पोत कुठून आणायचा याबद्दलही लिहितो. इंटरनेटवरचे तयार पोत सगळेच वापरतात आणि त्यातले काही इतके फिरलेत की ओळखू येतात. घेतलाच तर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी शून्य परवाना असेल तर नाव न देताही वापरता येतो, सीसी बाय असेल तर श्रेय द्यावं लागतं.

पण स्वतः केलेल्या पोताची मजा वेगळी. काचेवर शाई पसरून त्यावर कागद दाबा आणि उचला. रोलरवरची शाई संपत आली की तो कागदावर फिरवा. कोळशाने किंवा पेन्सिलीने खडबडीत लाकडावर ठेवलेला कागद घासा. चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून घासायला सुरुवात केली आणि त्या घासलेल्या रेषांतून अख्खी चित्रं उभी केली. आपल्याला तर फक्त मास्क हवा आहे. हे कागद ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करड्या रंगात स्कॅन करा. भिंत, खडक असे स्कॅन न होणारे पोत कॅमेऱ्याने घ्यायचे असतील तर प्रकाश एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा हवा. समोरून फ्लॅश पडला की उंचसखलपणा मरतो.

पोत शक्यतो ताणू नका. छोटा स्कॅन मोठा केला की कण फुगून मऊ होतात आणि कडा धारदार राहिल्या तर दोन्ही वेगळ्या जगातले वाटतात. तुकडे जोडून मोठा करताना तोच ओरखडा पुन्हा पुन्हा दिसत नाही ना, हे चित्र लांबून बघून तपासा.

कवडसा

मला कणांऐवजी जुन्या वर्तमानपत्रासारखे ठिपके आवडतात. तसं करता येतं का?

ठिपका

येतं की. फोटोशॉपमध्ये चित्र आधी ग्रेस्केल करून मग बिटमॅप मोडमध्ये न्यायचं. तिथे हाफटोन स्क्रीन निवडलं की ठिपक्यांची दाटी, कोन आणि आकार विचारतो. त्याच ठिकाणी डिफ्यूजन डिदरही आहे, त्यात जाळी दिसत नाही, विस्कळीत बारीक कण येतात. गिंपमध्ये इंडेक्स्ड मोडमध्ये जाऊन काळ्यापांढऱ्याची १ बिटची रंगपेटी घ्या आणि डिदरिंगमध्ये फ्लॉइड-स्टाइनबर्ग निवडा. १९७६ ची पद्धत आहे. प्रत्येक पिक्सेल काळा किंवा पांढरा करताना झालेली चूक शेजारच्या पिक्सेलांत वाटून टाकते.

पण सपाट काळ्या आकृतीवर हे चालवून काही होणार नाही, काळ्यातून काळाच ठिपका निघतो. आधी आकृतीत हलका ग्रेडियंट द्या, समजा डोक्याकडे गडद आणि चाकांकडे फिका. मग ठिपके मोठे-लहान होत जातात आणि आकृती खालून विरघळते. निघालेलं चित्र परत मास्कमध्येच टाका, म्हणजे मागचा रंग मधून दिसेल.

पायवाट

तारा नव्याने काढल्या, कमी आणि थोड्या जाड. चाक आता फोटोतल्यापेक्षा जास्त चाक वाटतंय. कड अंधारखोलींच्या पद्धतीने, चेहरा आणि बोटं मास्कवर पांढरा ब्रश फिरवून साफ ठेवली. पाठीवर सोनकिडा यांनी सांगितल्याप्रमाणे पोत फिरवून लावला. पूर्ण चित्र बघितलं तेव्हा खूप आनंद झाला, हेच डोळ्यांसमोर होतं.

आता हे ए३ आकारात छापून घ्यायचं आहे. दोन शंका आहेत. पडद्यावर छान दिसणारे कण छापताना टिकतील का? आणि आकाशाच्या ग्रेडियंटमध्ये बारीक पट्टे दिसतायत, ते कसे घालवायचे?

अंधारखोली

३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ए३ म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल. त्या हिशोबात एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटर. गच्च काळ्यातला एका पिक्सेलचा पांढरा कण छपाईत शाई पसरून बुजण्याचीच शक्यता जास्त. कण किमान ३ पिक्सेलचे, म्हणजे पाव मिलिमीटरचे ठेवा. पोताच्या मास्कला एक पिक्सेलचा ब्लर देऊन पुन्हा लेव्हल्स लावले की सगळ्यात बारीक धूळ निघून जाते आणि मोठे कण राहतात.

ऑफसेटवर छापणार असाल तर नुसता के १०० काळा (फक्त काळी शाई, शंभर टक्के) मोठ्या भागावर फिका, करडा वाटतो. त्यात बाकीच्या शाया मिसळून काळा भरदार करतात, उदाहरणार्थ सी (निळसर) ६०, एम (किरमिजी) ४०, वाय (पिवळी) ४०, के १०० टक्के. बेरीज २४०. पण चार शाया एकमेकींवर केसभर जरी सरकल्या तरी बारीक कणांच्या कडेला रंगीत किनार दिसते. तुमच्या चित्रात कण बरेच आहेत, म्हणून मी दुसऱ्या शाया कमी ठेवेन आणि छापणाऱ्यांना त्यांची शाईच्या बेरजेची मर्यादा आधी विचारेन. इंकजेटवर छापणार असाल तर फाइल आरजीबीतच द्या, शायांचं मिश्रण तिथलं सॉफ्टवेअर ठरवतं.

झरोका

पट्ट्यांबद्दल मी सांगते. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या असतात. तुमचं आकाश १८० पासून २१० पर्यंतच जात असेल तर हाताशी तीसच पायऱ्या आहेत. त्या ३००० पिक्सेलवर पसरल्या की प्रत्येक पायरी १०० पिक्सेल रुंद होते. तोच तुम्हाला दिसणारा पट्टा.

फाइल १६ बिटमध्ये न्या आणि ग्रेडियंट तिथे पुन्हा काढा. आधीचा ८ बिटमधला नुसता १६ मध्ये नेऊन पट्टे जात नाहीत. फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलमध्ये डिदरची खूण चालू ठेवा. त्यावर एक ते दीड टक्का नॉइज द्या, एकरंगी. पट्ट्यांच्या कडा त्यात मोडतात. तुमच्या चित्रात हा नॉइज वेगळा जाणवणारही नाही, कारण आकृतीत आधीच कण आहेत, उलट आकाश आणि आकृती एकाच कागदावर छापल्यासारखी वाटतील.

नेटवर टाकायची प्रत मात्र वेगळी करा. इतके कण असलेलं चित्र जेपीईजीत जड होतं, आणि बऱ्याच साइट ते पुन्हा दाबतात, तेव्हा कणांचा चिखल होतो. आधी स्वतःच हव्या त्या आकारात लहान करा, मग त्या आकाराला शोभेल असा पोत पुन्हा लावा. ग्रुप मास्क वेगळा ठेवला आहे, त्यामुळे फार वेळ लागणार नाही.

पायवाट

ग्रेडियंट १६ बिटमध्ये नव्याने काढला, पट्टे गेले. छपाईच्या फाइलमधले बारीक कणही साफ केले. आधी चेहरा, मागचं चाक आणि आकाश तिन्ही येतील असा एक तुकडा पूर्ण मापात छापून बघतो. कण त्यात बुजले तर मास्क आणखी उघडेन, मगच पूर्ण ए३ छापायला देईन.